न झालेल्या सासूबाईंचा नंबर

मला बघायला गंगापूरहून पाहुणे आले तेव्हा मी संभाजीनगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. माझ्या लग्नाची घाई मी सोडून सगळ्यांना होती. वडिलांनी सकाळीच बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मुलगा वाळूजला इंजिनिअर, पण बोलत होते मामाच. त्यांना अंकशास्त्राचा नाद. भाच्याचा मोबाईल नंबर त्यांनी स्वतः निवडला होता. आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच उरतात, असा माणूस कुणापुढं वाकत नाही, असं त्यांचं म्हणणं. नंबर त्यांनी कौतुकानं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला आणि वर म्हणाले, "अखंड नंबर आहे."

अखंड म्हटल्यावर मला राहवेना.

"शेवटी नऊ उरले म्हणजे त्या संख्येला नऊनं भाग जातो," मी म्हणाले. "तिनानं तर जातोच. याला अकरानंही जातो."

वडील पोह्यांच्या बशीत बघत राहिले. मुलानं फोन काढून भागून पाहिलं, आणि खात्री पटल्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला. पत्रिकेच्या गोष्टीत भागाकार कशाला, असं मामा पुटपुटले.

तेवढ्यात मुलाच्या आईनं मला विचारलं, "कशानंच भाग जात नाय असा नंबर असतो व्हय?"

असतो, मी सांगितलं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती मूळ संख्या. त्यांनी लगेच आपला नंबर सांगितला. दोन, तीन, पाच, अकरा, कशानंच जाईना. पण दहा आकडी संख्या, लाखापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवी, ते तोंडी कुठलं व्हायला. मी लॅपटॉप आणला. बाई पोहे बाजूला सारून माझ्याशेजारी येऊन बसल्या. उत्तर आलं, मूळ.

"म्हणजे मला कुणी फोडू शकत नाय," त्या भावाकडं बघत म्हणाल्या. मामांनी निघायची घाई केली.

मुलगी हुशार आहे पण आमच्यात जमायची नाही, असा निरोप आला. आईनं माझ्याशी अबोला धरला. मी मात्र त्या रात्री गाढ झोपले.

काही महिन्यांनी त्याच बाईंचा फोन आला. त्या मोबाईलच्या दुकानात उभ्या होत्या. लेकीला सिम घ्यायचं होतं आणि दुकानदारानं पुढं केलेल्या नंबरांतला न फुटणारा कुठला, ते त्यांना हवं होतं. मामांना विचारलंत का, असं मी मुद्दाम म्हटलं.

"त्याच्याच नंबराच्या शेवटी आठ हाय. दोनानंच फुटतो तो."

मी वर्गाला थांबायला सांगून लॅपटॉप उघडला.

पुढं त्यांच्या मुलाच्या लग्नाचं आवतण आलं, आणि मी गेलेही. मांडवात त्यांनी माझी ओळख नंबर तपासणाऱ्या मॅडम अशी करून दिली. मग बायका फोन घेऊन भोवती जमल्या आणि माझं जेवण गार झालं. नवरीच्या नंबराला सातानं भाग जात होता. ते मी कुणाला सांगितलं नाही.