रिकाम्या गावात एक तास

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर मी गाव सोडलं, तेव्हा मला पोचवायला बाबा खाडीपलीकडे आले होते. होडी तेच वल्हवत होते. मधे माझी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर आयेने बांधून दिलेली कोकमाची सोलं आणि सुक्या बांगड्यांची पुरचुंडी, आणि पुरचुंडीवर मी गुपचूप टाकलेला टॉवेल, एसटीत वास सुटू नये म्हणून. काठावरून आये ओरडून सांगत होती, "घाटार थंडी आसता, कान बांधून घे. पोचलंस की कागद धाड." बाबा एसटी येईपर्यंत ट्रंकेवर बसून राहिले आणि गाडी आल्यावर ती टपावर चढवून मागे न पाहता होडीकडे चालू लागले. मला त्यांचा राग आला होता.

वसंता, आपण दोघे भाऊ, पण तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, तुला यातलं फारसं आठवत नसेल. बाबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मी तुझ्यापासून, आणि सगळ्यांपासूनच, दाबून ठेवली आहे. ती लिहायला बसलो आहे. वाटलं तर मुंबईहून घरी येणाऱ्या आपल्या लोकांनाही वाचून दाखव.

मी काही विलायतेला गेलो नव्हतो. आंबोलीला गेलो होतो, सकाळी निघालं तर दिवे लागायच्या आत पोचावं इतक्या अंतरावर. पण मुंबईला गेलेल्याला गाव चाकरमानी म्हणतं, गणपतीत त्याची वाट बघतं, तो आला की त्याच्या पुड्यातली बिस्किटं खातं. घाटावर गेलेल्याला काही नावच नाही. पहिल्या मे महिन्यात मी सुट्टीवर आलो तर नाक्यावर मला विचारलं गेलं, "घाटार काय करतंस, भोपळे लावतंस?" मी सांगितलं, मुलांना जंगलात नेऊन सायन्स शिकवतो. त्यावर सगळे इतके हसले की मीही हसलो. जंगलात जाऊन शिकण्यासारखं काही असतं हे त्यांना पटण्याजोगं नव्हतं, आणि इंटर सायन्सला गणितात आपटलेला माणूस सायन्स शिकवतो हे तर त्याहून नाही.

आमची निसर्गशाळा म्हणजे कौलारू दोन पडव्या, सहा तंबू आणि एक रेनगेज. जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या एका देशावरच्या गृहस्थांनी ती काढली होती. त्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कधी मुंबईच्या शाळांतून मुलांची बॅच यायची, बारा दिवस राहायची. ओढ्यातले दगड उलटून खालच्या अळ्या बघायच्या, झाडाची उंची सावलीवरून काढायची, चिखलातले ठसे ओळखायचे, पायाला लागलेली जळू न ओरडता मिठाने सोडवायची. मोठ्या सरांचं एकच सांगणं असे: स्वतः पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. मला ते फार आवडायचं. गावात लहानपणी मी ऐकलेलं सगळं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग मला कळलं की मुलं नवी असतात, पण दगड तोच असतो. तोच दगड मी वर्षातून पंधरा-सोळा वेळा उलटायचा, आणि दर वेळी खाली काय आहे हे मला माहीत नसल्यासारखं तोंड करायचं. बारा दिवसांत मुलं जीव लावतात, जाताना रडतात, गेल्यावर एक पत्र येतं, मग तेही येत नाही. पावसाळ्याचे चार महिने बॅच नसायची. मी एकटा कौलं शाकारत, बुरशी पुसत, रोज सकाळी रेनगेजमधलं पाणी मोजून वहीत लिहीत असे. आंबोलीचा पाऊस वहीत लिहून संपत नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. ती घाटावरचं मराठी बोलते आणि आपल्या घराला "तुमचं गाव" म्हणते. मी थकलो होतो हे मला मान्य करायला बरीच वर्षं लागली.

त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात आपली गावपळण ठरली. तुला ती सांगायला नको, पण माझ्या मुलीने कधी हे वाचलं तर तिला कळावं म्हणून लिहितो. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस तीन रात्री ओहोळापलीकडे माडाच्या झापांच्या खोपटांत राहायचं, आणि तेवढ्या काळात गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी गावचे मुख्य मानकरी असलेले गावकर आणि पुजारी तेवढे देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात. पाषाणाला चिकटवलेला उजवीकडचा तांदळाचा दाणा पडला की परतायचं. डावा पडला तर मुक्काम वाढतो.

चहा पिता पिता मी हे मोठ्या सरांना सांगितलं. आठ वर्षांत माझ्या गावाबद्दल ते पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होते, त्यामुळे मला चेव आला. शेवटी त्या वेळच्या बॅचमधली मोठ्या वर्गातली आठ मुलं घेऊन मी गावपळणीला यावं असं ठरलं. मोकळ्यावर गाव कसं उभं राहतं ते मुलांनी बघायचं.

त्यातले पहिले दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे मी सरळ लिहितो. बाबांनी मुलांना झाप विणायला शिकवलं. आयेने तीन दगडांच्या चुलीवर आठ परक्या मुलांना जेवायला घातलं, आणि एक मुलगा मासे खात नाही हे कळल्यावर त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघत राहिली. माझं काम आणि माझी माणसं पहिल्यांदाच एका जागी होती. नाक्यावरचे तेच लोक मुलांना ओहोळातले खेकडे दाखवत होते आणि मला "मास्तर" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांनी विचारलं, माणसं नसली की गावात काय होतं? मी सांगायला लागलो आणि अडलो. मी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. एका मुलाने वही मिटली. ती वही मिटलेली मला सहन झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे न्याहारीत असताना, मी नोटबुक घेऊन ओहोळ ओलांडला आणि गावात गेलो. एकटाच.

तासभर होतो. पाणंदीवर दोन दिवसांत पाऊल पडलं नव्हतं, त्यामुळे धूळ सारखी झाली होती आणि तिच्यावर पाखरांच्या पायांच्या रांगा होत्या. कावळा एकही नव्हता. कावळे आमच्या चुलींमागे ओहोळापलीकडे आले होते. होले मात्र अंगणाअंगणात चरत होते, मी जवळ गेलो तरी उडेनात. आपल्या घराच्या उंबऱ्यावर एक मुंगूस पसरून ऊन खात होतं. ते सावकाश उठलं आणि पडवीखाली गेलं. मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसलो. घर सोडल्यापासून मी तिथे असा कधी बसलो नव्हतो. दर वेळी आलो की पहिला प्रश्न असायचा, कधी आलास, आणि लगेच दुसरा, परत कधी जातलंस. त्या सकाळी विचारायला कुणी नव्हतं. मला रडू आलं. मग मी पाखरांची यादी लिहिली आणि निघालो.

ओहोळावर बाबा बैलांना पाणी दाखवायला आले होते. मी गावाच्या बाजूने पाण्यात उतरलो तेव्हा समोर तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तोंड फिरवून निघून गेले.

चौथ्या दिवशी कौल डावा पडला.

तांदळाचा दाणा ओल्या दगडावरून कुठल्या बाजूने पडेल याला काही कारण लागत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. पण शिधा संपत आला होता, गारठ्याने पोरं खोकत होती. गावकर वडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "कोण भितूर गेललो काय? आसात तर आताच सांगा."

माझ्या मागे माझी आठ मुलं उभी होती. मला देवाची भीती नव्हती, गावाचीही तेवढी नव्हती. पण त्या मुलांच्या देखत कुणी मला फैलावर घेतलं असतं आणि मी मान खाली घालून उभा राहिलो असतो, हे मला नको होतं. मला त्यांच्यापुढे सरच राहायचं होतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही, वसंता. मी खूप शोधलं.

बाबा पुढे झाले. "मी गेललंय," ते म्हणाले. "बैलाचा दावा रवला हुता." बैल बांधायची दोरी घरी राहिली होती, म्हणून.

देवाच्या नावाने उभं राहून बाबा खोटं बोलले. ज्या माणसाने देवाला सांगितल्याशिवाय कधी नांगर धरला नाही, तो. दसऱ्याला देवाची तरंगं निघतात, लुगडी नेसवलेले ते उंच खांब, त्यातलं एक धरायचा मान आपल्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. गावकरांनी तिथेच तो काढून चुलत्यांच्या घराला दिला. बाबांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि बैलांकडे जाऊन बसले. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कौल उजवा पडला, त्यामुळे तर सगळ्यांची खातरीच पटली. तुलाही पटली होती. तू अठरा वर्षांचा होतास आणि महिनाभर बाबांवर घुश्शात होतास, असं आयेने मला नंतर सांगितलं.

आयेला कळलं होतं. निघताना माझ्या पिशवीत पोहे भरताना ती खाली बघून म्हणाली, "तुझो बापूस कधी दावा इसारलो नाय." एवढंच म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

मुलं दुसऱ्या होडीत बसली. मला बाबांनी आपल्या होडीत घेतलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावं असंच वाटत होतं. खाडीच्या मध्यावर त्यांनी वल्ही थांबवली आणि विचारलं, "काय बघलंस?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मग मी सांगितलं. धुळीवरच्या रांगा, कावळे नव्हते ते, होले उडत नव्हते ते. ते मधे मधे विचारत होते. मुंगूस खंय निजला हुता? उंबऱ्यार? तोंड खंयच्या बाजूक? मी इतक्या बॅचेस शिकवल्या, पण असं ऐकणारं मला कुणी भेटलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "साठ वर्सां गाव सोडून पळतंय. मागे काय आसता, ता माका कोणी सांगूक नाय." आणि परत वल्ही हातात घेतली.

पुढे पाच वर्षं ते होते. मी सुट्टीवर यायचो, चार दिवस राहायचो. दसऱ्याला ते देवळाच्या पायरीवर, गर्दीच्या मागे उभे राहत. मी दसऱ्याला बॅच असते असं सांगून कधी आलोच नाही. बॅच नेहमी नसायची.

शाळा अजून चालते. मोठ्या सरांना दिसत नाही आता, मीच सगळं बघतो. घर कशाला म्हणायचं, असं मुलं विचारतात. पक्ष्याचं, मुंगीचं, खेकड्याचं. जिथे तो परत येतो ते घर, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. माझ्यापुरतं ते उत्तर पुरत नाही. मी परत येतो, चहा पितो, पाहुण्यासारखा वागवला जातो, आणि माझ्या नावाचा दोष तिथे बाबांच्या नावावर असतो. तोवर ते तुझं घर आहे, आयेचं आहे, माझं नाही.

हा कागद येत्या दसऱ्याला तू देवळात उभं राहून वाचावास, असं लिहायला मी बसलो होतो. एवढं लिहून झाल्यावर कळलं की ते पुन्हा तेच होईल. माझ्यासाठी पुन्हा कुणीतरी पुढे होणार, आणि मी मागे. तेव्हा देवळात वाचू नकोस, ट्रंकेत ठेव. मुंबईच्या लोकांनाही नंतर दाखव. मान परत मागायचा नाही, चुलत्यांनी तो नीट सांभाळला आहे. आयेला सांग, आदल्या दिवशीच्या एसटीने येतो आहे आणि मुलीलाही आणतो आहे. तरंगं निघायच्या आधी, सगळे जमले असताना, मी पुढे होईन आणि म्हणेन, बाबा गेललो नाय, मी गेललंय.