निळ्या नावांचा तक्ता

शिकवायला बसले की दादा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "तू फक्त नोंद दे, पानाचा पत्ता तो बनवतो."

'तो' म्हणजे फ्रेमवर्क, ज्याच्या आधाराने आम्ही वेबसाइट उभी करायचो ती तयार चौकट. भोपाळच्या जवाहर चौकात कापडाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. मी नवी, ते सीनियर, मूळचे इंदूरचे. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही.

पहिल्याच आठवड्यात मी एका शाळेसाठी विद्यार्थिनींचा तक्ता करत होते. नावावर क्लिक केलं की त्या मुलीचं पान उघडायला हवं. मी प्रत्येक नावाची लिंक हातानं जोडत होते. दादा मागे येऊन उभे राहिले.

"देख बेटा, अख्खी नोंदच त्याच्या हातात दे. मुलीचा नंबर तो शोधेल, लिंकही तोच लावेल."

त्यांनी एक ओळ लिहिली आणि तक्त्यातली सगळी नावं एकदम निळी झाली. एकच गोष्ट चारदा विचारली तरी ते वैतागायचे नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर संशय घ्यायचं आपल्या मनातच येत नाही.

त्या लिंकच्या शेवटी मुलीचा नंबर असायचा. तो बदलला की दुसरीचं पान उघडे. ते लक्षात आल्यावर मी तपासणी घातली, की पान उघडणारा त्याच मुलीचा पालक आहे ना. दादांनी पाठ थोपटली.

वेबसाइट सुरू झाल्यावर महिन्याभरात कुणा पालकानं नंबर बदलून भलत्याच मुलीचं पान वाचलं. तिला फिट येतात, असं त्यात लिहिलेलं होतं. दोन दिवसांत वर्गभर झालं. मुलगी शाळेत यायची थांबली.

मुख्याध्यापिकेनं आम्हा दोघांना बोलावलं. मुलीची आई तिथेच बसली होती.

"हे कुणाचं काम?"

"ते पान हिनं बनवलंय," दादा शांतपणे म्हणाले. "नवी आहे. तपासणी टाक म्हणून मी सांगितलं होतं."

ती आई माझ्याकडे बघत राहिली.

ऑफिसात परतल्यावर मी कोडमधल्या बदलांची यादी उघडली. शाळेला वेबसाइट दाखवायच्या दिवशी तपासणी काढून टाकलेली होती आणि काढणाऱ्याच्या जागी दादांचं नाव होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"माहीत आहे. त्या दिवशी ती आड येत होती, परत टाकायची राहिली," ते म्हणाले. "तुला दुसरी नोकरी मिळेल, बेटा. या वयात मला कोण घेणार?"

संध्याकाळी ते रोजच्यासारखे स्कूटर घेऊन खाली थांबले, मला मिसरोदला घरी सोडायला. मी बसनं गेले. महिनाअखेरीला नोकरी सोडली. पुढे तेही भोपाळ सोडून गेल्याचं कानावर आलं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीतून एका बाईंचा फोन आला. दादांनी तिथे अर्ज केला होता आणि ओळखीसाठी माझं नाव दिलं होतं. मी बोलणार नाही, याची त्यांना अजून खात्री होती.

"शिकवतात फार छान," मी म्हटलं. मग उरलेलं सगळं सांगितलं. जे त्या आईच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, ते मी एका अनोळखी बाईंना सांगत होते, आणि त्या पलीकडे भराभर टाइप करत होत्या.