माझ्या नावावरची बंदूक

आमच्या घरातल्या मोठ्या माणसांत पोलीस ठाण्याच्या दप्तरात नाव नसलेली मी एकटीच आहे, हे मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळलं. आणि कळलं तेही कौतुकानं, सगळ्या घरादारासमोर, चहा पिता पिता.

झालं असं, की आमच्या राहनाळ गावातल्या एका भाऊबंदानं रिव्हॉल्व्हर घेतलं. लायसनवालं. मग एका हळदीला तो पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आणि कमरेला ते खोचून आला. डीजेसमोर नाचताना हात मुद्दाम उंच करायचा, म्हणजे शर्ट वर जाणार आणि खालचं सामान सगळ्यांना दिसणार. लोकांनी सरकून सरकून त्याच्याभोवती अख्खं अंगण मोकळं केलं. आमचे हे त्याच्या दुप्पट देखणं नाचतात, पण त्या दिवशी यांना कोपऱ्यात, भांड्यांच्या शेजारी नाचावं लागलं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाले, "आपल्या घरात पन एक पायजे."

कशाला पाहिजे, हे कोणी विचारलं नाही. आमच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. तिथं दिवसभर कंटेनर येतात आणि दिवसभर खोकी जातात. आमच्याशी वैर धरायला कोणाला फुरसतच नाही. पण दीर लगेच म्हणाला, की आपली जमीन बघता आपल्या जिवाला धोका असायलाच हवा. नसेल तर ती आपलीच नाचक्की.

मग निघाली केसेसची गोष्ट. ह्यांच्यावर एक केस, गोदामाच्या गेटवर कोणा मॅनेजरची कॉलर धरली म्हणून. दिरावर दोन, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतल्या. सासूबाईंवरसुद्धा एक आहे, जेसीबीसमोर आडव्या पडल्या होत्या त्या वेळची. अशा माणसांना लायसन देत नाहीत. सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी नारपोलीच्या शाळेत पोरांना शिकवते, पगारपत्रक स्वच्छ, वर्तणुकीचा दाखला स्वच्छ. दीर म्हणाला, "वयनीचं चारित्र्य एकदम क्लीन हाय." ह्यांनी मोठ्या अभिमानानं मान हलवली. मी फोनवर जरा जास्त वेळ बोलले तर ज्या चारित्र्याची हे रोज उलटतपासणी घेतात, ते असं अचानक घराच्या कामाला आलं. बंदूक कागदावर माझी, कमरेला ह्यांची, असं ठरलं.

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या ह्यांना राग आला, की हाताला जे लागेल ते फेकतात. टीव्हीचे रिमोट वर्षाला दोन लागतात. मिक्सरची भांडी मी आता सुटी मिळतात त्या दुकानातून आणते. एकदा कुकरचं झाकण आलं आणि माझ्या भुवईवर चार टाके पडले. शाळेत मी बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं. आमच्या शाळेतल्या निम्म्या बाया बाथरूममध्येच घसरतात, त्यामुळे कोणी पुढे काही विचारत नाही. राग उतरला की हे स्वतः मलम आणून देतात, तेही सांगायला हवं. तर अशा हाताला बंदूक लागणार होती, आणि ती माझ्या नावावर आणायची होती. मला भीती वाटली. पण घरात नाही म्हणायचं, म्हणजे पुन्हा काहीतरी अंगावर झेलायचं. मी अर्जावर सही केली.

लायसनचा पत्ता नाही आणि ओट्यावर रोज मॉडेलवरून भांडणं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी पोरांना शिकवते तेव्हा ती भटीण कोण हे मला कधी विचारावं लागलं नाही. दीर मोबाइलवर व्हिडिओ बघून पंडित झाला होता. त्याला पिस्तूल हवं, कारण ते चपटं असतं, कमरेला नीट बसतं आणि फोटोत छान येतं. ह्यांना रिव्हॉल्व्हर हवं, कारण त्या भाऊबंदाकडे ते होतं. विदेशी घ्यावं असंही निघालं. पण बाहेरून नवीन येत नाही म्हणून जुन्यालाच सोन्याचा भाव, हे कळल्यावर दोघांनाही सरकारी कारखान्याचा एकदम अभिमान वाटू लागला. ज्या घरात हळदीला दोन दोन डीजे लागतात, त्या घरात बंदूक मात्र स्वस्तातली हवी होती. नेम बरोबर लागावा, ऐनवेळी दगा देऊ नये आणि लाखाच्या आत बसावी. नवरा बघायला माझे वडील निघाले होते तेव्हा त्यांच्याही अटी साधारण अशाच होत्या.

एका रविवारी दुकान बघायला मुंबईला निघालो. लायसनशिवाय विकत नाहीत, पण बघायला काय जातंय, असं दिराचं म्हणणं. कशेळीला गाडी अडकली ती तासभर हलली नाही. तेवढ्यात पिस्तूल की रिव्हॉल्व्हर यावरून दोघा भावांची इतकी जुंपली, की ह्यांनी गाडीतली पाण्याची बाटली पुढच्या काचेवर आपटली. दीर हसला, मी बाटली उचलली आणि गाडी चार हात पुढे सरकली.

दुकानदार म्हातारा आणि सावकाश बोलणारा होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, की चालवणार कोण. दोघांनी माझ्याकडे बोट केलं. मग तो फक्त माझ्याशीच बोलू लागला. सतरा वर्षांत एखादी वस्तू घेताना दुकानदार माझ्याशी बोलला असं हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं मला साध्या भाषेत समजावलं. पिस्तुलात गोळी अडकली, की त्याचा वरचा भाग मागे ओढून ते मोकळं करावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. रिव्हॉल्व्हरमधली एखादी गोळी फुसकी निघाली, तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी येते. नळी फार आखूड घेऊ नका, लपवायला बरी पडते पण नेम बिघडतो. जुनं वापरलेलं स्वस्तात मिळालं तर आधी जाणकाराला दाखवा. आणि सगळ्यात आधी ते हातात धरून बघा, मूठ मोठी असेल तर बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. दिरानं मध्येच सोनेरी मुठीचं काही आहे का विचारलं. म्हाताऱ्यानं ते ऐकलंच नाही. त्यानं एक रिकामं रिव्हॉल्व्हर दोनदा उघडून दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं. खोटं कशाला बोलू, ते हातात असताना मला बरं वाटलं.

मग प्रशिक्षण. अर्जाला त्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. शिकवणारे सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. पहिला दिवस नुसता नियमांत गेला. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं, नळी माणसाकडे करायची नाही, मारायचं ठरल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. हे बाहेर बाकावर बसून जांभया देत होते. मी नियम वहीत उतरवून घेतले, सवयच ती.

दुसऱ्या दिवशी समोर कागद लावला आणि पाच गोळ्या दिल्या. सुभेदार म्हणाले, की बाई, हत्यार कितीही चांगलं असलं तरी नेम हाताचा असतो, श्वास अर्धा सोडा आणि थांबा. मला श्वास धरून थांबायचा सराव आहे. संध्याकाळी गाडीचा आवाज आला, की मी रोज तेच करते. पाचातल्या चार गोळ्या मधल्या काळ्या गोलात बसल्या. सुभेदारांनी कागद काढून सगळ्यांना दाखवला. ह्यांनी तर माझा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठे आणि हार. समोरच्या कागदावर मी मनात कोणाचा चेहरा काढला होता, ते तेवढं फोटोत आलं नाही.

घरी येताना मी हात मांडीवर ठेवून सारखी त्यांच्याकडे बघत होते. आतापर्यंत मी ह्यांच्या हाताला भीत होते. त्या दिवशी मला माझ्या हाताची भीती वाटली, आणि ती जास्त वाईट होती. मला मुलगी आहे, नववीत आहे. तिची आई दवाखान्यात किंवा तिची आई तुरुंगात, एवढंच उरेल, असं मला स्पष्ट दिसत होतं.

महिनाभरानं चौकशीसाठी बोलावणं आलं. उत्तर ह्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. जमिनीच्या वादातून अनोळखी इसमांकडून जिवाला धोका. इसम हा शब्द दिरानं घातला होता. पोलीस ठाण्यात एक वयस्कर साहेब बसले होते, समोर फायलींचा ढीग, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी मला विचारलं, की धोका कोणापासून. हे बोलले. त्यांनी मला विचारलं, की धमकी कधी आली. हेच बोलले. साहेबांनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स नाही, तीन प्रती घेऊन या, असं म्हणून त्यांनी ह्यांना समोरच्या दुकानात पिटाळलं.

मग पेनाचं टोपण लावून म्हणाले, "अर्ज तुमचा आहे ना? आता तुम्ही सांगा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, झाकली मूठ सव्वा लाखाची, असलं सगळं डोक्यात येऊन गेलं. पण झेरॉक्सला किती वेळ लागणार होता? मी म्हणाले, "साहेब, बंदूक आली तर ती ह्यांच्या हातात जाणार, आणि ह्यांच्या हातातली वस्तू माझ्याच अंगावर येते. समजा माझ्याच हातात राहिली, तर माझा नेम चांगला आहे. सर्टिफिकेट जोडलंय."

साहेबांनी खरंच पानं उलटून सर्टिफिकेट बघितलं. मग माझ्या भुवईकडे बघितलं. तक्रार द्यायची का, आत्ता लिहून घेतो, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मुलीची शाळा, माझी नोकरी, राहनाळमध्ये काय बोलतील, कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि सगळी पाठ होती. माझी मलाच लाज वाटली, पण मी नाहीच म्हणाले.

साहेब वैतागले. त्यांचंही खरं होतं. कागदावर काहीतरी लिहायला हवं होतं. ते म्हणाले, "मग मी लिहू काय? तुम्हाला धोका आहे असं लिहिलं, तर लायसन मंजूर व्हायचं."

सरकारी कारभारातला हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. धोका आहे म्हटलं तर धोका घरात येणार, तोही सहा गोळ्यांसकट. मी त्यांना सांगितलं, "धोका नाही, असं लिहा." आणि त्यांना शब्द सुचेनात म्हणून मीच सांगत गेले, शाळेत शुद्धलेखन घालते तसं, सावकाश. अर्जदाराच्या जिवास कोणाहीपासून धोका नाही. त्यांनी लिहिलं, खाली माझा जबाब म्हणून माझी सही घेतली. हे झेरॉक्स घेऊन आले तेव्हा मी पदर सारखा करून बसले होते.

पत्र पावसाळा संपता संपता आलं. अर्ज नामंजूर. ह्यांनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, आधी पोलिसांना शिव्या घातल्या, मग परत वाचलं आणि कारणापाशी येऊन हसायला लागले.

"बगा, सरकारनं लिवून दिलंय, हिला कोनापासून धोका न्हाय. मग रोज तोंड पाडून कनाला बसते?"

दीर खो खो हसला. मीही हसले, पत्रावर सरकारचा गोल शिक्का होता, हसायलाच हवं होतं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी ह्यांच्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. बंदूक घरात आली नाही. मी ठरवलं होतं तेवढं झालं. पण उद्या कधी मी त्याच साहेबांपुढे तक्रार घेऊन गेले, तर ते फाइल उघडणार आणि पहिला कागद निघणार तो माझ्याच सहीचा, मला कोणापासूनही धोका नाही असं सांगणारा. हे मला तिथं उभ्या उभ्या, हसता हसता कळलं.