आरशावरचं झाकण

परातीतल्या अर्ध्या मिरच्या सोलून झाल्या होत्या आणि उरलेल्या मिठाखाली घाम सोडत पडल्या होत्या, तेवढ्यात आग्लाया आली. भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांनी वेतुरियाचे हात मनगटापर्यंत रंगले होते, नखांत जळकी सालं अडकली होती. तिने कोपरानेच खुर्ची पुढे ढकलली, पण आग्लाया बसली नाही. मोठ्या नणंदेच्या हक्काने ती आधी घरभर फिरून आली. दारामागचा आरसा, न्हाणीघरातला आरसा, कपाटाचा आरसा, सगळ्यांवर पांढऱ्या चादरी होत्या. टीव्हीच्या काचेवरसुद्धा टॉवेल टाकलेला होता. तिच्या भावाला, वेतुरियाच्या नवऱ्याला, साबिनला जाऊन महिना उलटला होता आणि चाळिसावा दिवस तोंडावर आला होता. तोवर जीव घरात येऊन-जाऊन असतो, उघडा आरसा दिसला तर त्यातच अडकून बसतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

साबिन कोराबियाच्या पंपघरात इलेक्ट्रिशियन होता. दिवसभर नदीचं पाणी ओढणाऱ्या मोटारी सांभाळायच्या आणि घरी आलं की अंगणातल्या खोपीत आणखी मोटारी. ती खोपी त्याने जुन्या फळ्यांची स्वतः उभी केली होती. तिचं पत्र्याचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकायचं आणि आत असायची घागरीएवढ्या तोंडाची लांबलचक दुर्बीण. तिच्या तळाशी आरसा होता. माणसं दुर्बिणीतून चंद्र बघतात. साबिन तिच्यातून कधी काही बघतच नसे, डोळ्याच्या जागी त्याने कॅमेरा बसवला होता. डॅन्यूब नदीवरच्या धक्क्याच्या दिव्यांनी आमच्या गावचं आकाश ताकासारखं झालेलं आहे. त्यावर त्याने तीन काचा आणल्या होत्या. एकेक काच एकाच रंगाची केसाएवढी रेघ आत सोडी आणि बाकीचा उजेड दाराबाहेर ठेवी. एक हायड्रोजनची, एक गंधकाची, एक ऑक्सिजनची. तू पीठ चाळतेस, मी उजेड चाळतो, असं तो बायकोला सांगे. रात्रीमागून रात्री करडे फोटो जमवायचे, तीन काचांच्या तीन ढिगांना तीन रंग द्यायचे आणि ते एकमेकांवर ठेवायचे. मग कुणाच्याही डोळ्याला न दिसणारा ढग वर येई.

यंदा त्याने हंस नावाच्या तारकासमूहातला ओढणी नावाचा ढग घेतला होता. केव्हाच्या काळी एक तारा फुटला, त्याची अजून पसरत चाललेली लक्तरं ती. वेतुरिया म्हणायची, मेलेल्या ताऱ्याच्या ओढणीला इतक्या रात्री दिल्यास, माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे कधी एक नजर टाकलीस का? तो हसायचा आणि तिच्या रुमालाचं टोक ओढून पळायचा. साठीला आलेला माणूस.

कॅमेऱ्याला गच्च अंधारातसुद्धा काही ना काही दिसतच असतं, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. नसलेले ठिपके, नसलेला उजेड. ते ओळखायला दुर्बिणीचं तोंड झाकून काळे फोटो घ्यायचे आणि खऱ्यातून खोटं वजा करायचं. क्रायोव्हाला शाळेत भूगोल शिकवणारा त्याचा मित्र योर्दाके म्हणे, वर्षातून दोनदा घेतले तरी पुरतात रे. साबिनला रोज हवेत. पहाटे छप्पर आपोआप मिटे, पण फळ्यांच्या फटींतून ऊन आत घुसतं, म्हणून कामावर जाता जाता तो झाकण लावून, वरून दोरीची दुहेरी गाठ मारून जाई. मग सकाळभर यंत्र काळे फोटो काढत बसे. दुपारी कोंबड्यांना दाणे टाकले की झाकण काढून खुंटीला लावायचं, म्हणजे यंत्र रात्रीला मोकळं, हे वेतुरियाचं काम. ती गाठ सोडवताना ती रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची.

सप्टेंबरात, ऐन चांदण्याच्या दिवसांत, पाळी संपवून सायकलवर बसता बसता तो पंपघराच्या फाटकापाशी कोसळला. त्या सकाळी घरातून निघताना त्याने सांगितलं होतं, "ऑक्सिजन तेवढा राहिलाय. त्याला चांदणं सोसत नाही. अंधार आला की यंत्र आपलं आपण करेल. तू फक्त इस्त्रीसाठी वायर उपटू नकोस."

पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात पाऊस लागून राहिला. पाऊस असला की छप्पर उघडत नाही. वेतुरिया दुखवट्यात होती, खोपी आहे हेही तिच्या ध्यानात नव्हतं. मग पुन्हा चांदणं आलं आणि गेलं, आकाश निवळलं. एका संध्याकाळी देवाच्या आईच्या तसबिरीपुढे ती दिवा लावत होती, तर अंगणात छप्पर सरकल्याचा आवाज आला. तोच घरघराट, शेवटी तोच ठोका. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही. नंतर आठवलं, त्यानेच लावून ठेवलंय. तिने क्रूसाची खूण केली आणि अंथरुणावर पडून मोटारीची बारीक गुणगुण ऐकत राहिली. महिन्याभरात लागली नव्हती अशी झोप तिला त्या दिवसापासून लागायला लागली.

तर आग्लाया घरभर फिरून स्वयंपाकघरात परतली. चाळिसाव्याचं काय काय झालं, कोलिव्याचा, मेलेल्याच्या नावाने वाटायच्या गोड घुगऱ्यांचा, गहू कधी उकडणार, दान द्यायची मातीची भांडी आणि टॉवेल आणलेत का, हे तिने उभ्या उभ्याच विचारून घेतलं. मग तिची नजर चुलीवर गेली. मोठ्या पातेल्यात वांगी-टोमॅटो रटरटत होते आणि वर झाकण म्हणून केकचा ट्रे ठेवलेला होता. तिने तो उचलला.

"हे काय गं? एवढ्या पातेल्याला झाकण नाही? वाफ सगळी माझ्या तोंडावर."

"झाकण तुमच्या भावाने नेलं, ताई. दुर्बिणीला."

"दुर्बिणीला पातेल्याचं झाकण?"

"बरोबर बसतं म्हणाला. माझ्या जुन्या मखमली झग्याचं अस्तरसुद्धा शिवून घेतलं त्याला माझ्याकडूनच."

"आणि दुर्बिणीचं काय झाकायचंय एवढं?"

"आरसा," वेतुरिया म्हणाली.

आग्लायाने ट्रे हळूच परत पातेल्यावर ठेवला. "तिथे आरसा आहे?"

"आहे. पण झाकलेला असतो की, ताई. आज दुपारीच मी झाकण…"

हातातल्या मिरचीचं साल अर्धवट लोंबत राहिलं.

आज दुपारी तिने झाकण काढलं होतं. कालही काढलं होतं, परवाही. छप्पर पहिल्यांदा उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज, कोंबड्यांना दाणे टाकून, मिरच्यांचा, धुण्याचा विचार करत, हाताच्या सवयीने. गाठ सोडवताना बोटंसुद्धा मोडली होती. लावलंच नव्हतं कुणी, तर काढलं कसं, हे इतके दिवस तिच्या मनात आलं नव्हतं.

"झाकण काय?" आग्लायाने विचारलं.

"झाकण आहे, म्हणते मी. झाकते."

"आत्ता झाक. माझ्या भावाला अडकवून ठेवू नकोस, बाई. जिवंतपणी पंपघराने अडकवला, तेवढं पुरे." एवढं बोलून तिने डोळे पुसले, परातीतली एक मिरची तोंडात टाकली, मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि ती गेली.

खोपीची किल्ली एकच होती आणि ती वेतुरियाच्या एप्रनच्या खिशात असायची. तिने कुलूप काढलं. झाकण खुंटीवर होतं. काळ्या मखमलीवर तिच्याच बोटांचे मिरचीचे लाल ठसे उमटले होते, दुपारचे. दोरीवर दुहेरी गाठीचे वळसे अजून तसेच होते. तिने दुर्बिणीत वाकून पाहिलं. तळाशी खोल, हिरवट अंधारात एक बाईचं डोकं दिसलं, रुमाल बांधलेलं, उलटं. ती झटकन मागे सरली.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिने फादरना आडून आडून विचारलं. आरसे झाकायला चर्चने कुठे सांगितलेलं नाही, फादर म्हणाले, पण झाकलेत तर झाकलेलेच असू देत. शहाणा माणूस.

घरी येऊन तिने योर्दाकेला फोन लावला. साबिनचं यंत्र त्याला इंटरनेटवरून क्रायोव्हात दिसायचं आणि नवे फोटो तो रोज उतरवून घ्यायचा. मित्राचं अर्धं राहिलेलं काम पुरं करून चाळिसाव्याला चित्र द्यायचं, असं त्याने मनात धरलं होतं. तोच आधी बोलायला लागला. ऑक्सिजनचे फोटो सुरेख येतायत, ओढणीचे धागे मोजता येतील इतके स्पष्ट.

"आणि वहिनी, काळे फोटोसुद्धा घेताय तुम्ही, कमाल आहे. मी तर म्हणणार होतो, राहू द्या. उजेडाची एक तिरीप आत नाही. साबिनसारखंच लावता झाकण."

वेतुरियाने विचारलं, झाकण नसताना यंत्राला काळे फोटो काढता येतात का?

"सकाळच्या उजेडात? पांढरेफटक येतील. का हो?"

"सहज. आणखी किती राहिलंय?"

"आजची रात्र मिळाली तर झालंच. नाही मिळाली तरी चालेल, तुम्ही दमू नका."

फोन ठेवला तेव्हा बाहेर छप्पर सरकत होतं. ती दारात उभी राहिली. मनात हिशेब साधा होता आणि तोच सुटत नव्हता. आत्ता जाऊन झाकण लावलं तर आरसा झाकला जाईल, नवऱ्याचा रस्ता मोकळा होईल आणि चित्र कायमचं अर्धं राहील. नाही लावलं तर चित्र पुरं होईल. पण रोज पहाटे तो येऊन आरसा झाकतोय आणि रोज दुपारी आपणच तो उघडून त्याला परत बोलावतोय, हे आता तिला कळलेलं होतं. कळून केलेल्याचं पाप वेगळं असतं. सगळ्यांत वाईट म्हणजे, त्याला परत बोलवायला तिला आवडलंही असतं. शाल घेऊन ती तसबिरीपुढे बसली आणि एकच रात्र मागून घेतली. एकच, आणि पहाटे मी स्वतः झाकेन, त्याच्या आधी.

फटफटायच्या आधी ती खोपीच्या पायरीवर जाऊन बसली. पाठ दाराला टेकलेली, किल्ली मुठीत. खोपीला दार ते एकच. कोंबड्या अजून खुराड्यात होत्या, नदीवरून धुकं येत होतं. डोक्यावर छप्पर घरघरत मिटलं आणि ठोका वाजला. तेवढ्यात पाठीमागे, फळ्यांच्या आत, कुणीतरी खुंटीवरून पातेल्याचं झाकण उचलावं तसा अगदी लहान आवाज झाला. घरात हजारदा ऐकलेला.

ती उठली. कुलूप उघडायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

खुंटी रिकामी होती. झाकण दुर्बिणीवर बसलेलं होतं, नीट, बरोबर मधोमध. पण आज गाठ नव्हती. दोरीची दोन टोकं मोकळी सोडलेली होती आणि त्यातलं एक अजून हलत होतं.

वेतुरियाला आधी भीती वाटलीच नाही. मग ती दुर्बिणीच्या खांबाला धरून उभी राहिली. खोपीत सायकलच्या तेलाचा वास होता, पण तो तिथे नेहमीच असायचा. ती दोरीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्याने गाठ मारायची कधी बाकी ठेवली नव्हती.

"माझ्यासाठी ठेवलीस होय," ती म्हणाली. "बरं. गाठ मी मारते. तू जा, साबिन."

तिने दुहेरी गाठ मारली, त्याच्यासारखीच घट्ट, आणि वर आणखी एक. मग बाहेर येऊन कुलूप लावलं आणि कोंबड्या सोडल्या.

त्या दुपारी दाणे टाकून ती खोपीकडे न बघता घरात आली. पाय दोनदा तिकडे वळले, तिने दोनदा परत आणले. उरलेल्या मिरच्या सोलून पातेल्यात ढकलल्या आणि बरण्या भरल्या. उन्हं उतरताना योर्दाकेचं चित्र फोनवर आलं. काळ्या आकाशात लाल आणि निळसर हिरवे धागे, वाऱ्यावर सुटून गेल्यासारखे, कुठेच न अडकलेले. खाली त्याने लिहिलं होतं, आजचे काळे फोटो सगळ्यांत चांगले आलेत.

तिने ते बराच वेळ पाहिलं. मग मागच्या खोलीत गेली, साबिनच्या यंत्राची वायर उपटली आणि तिथे इस्त्रीची लावली. दान द्यायच्या टॉवेलांना इस्त्री केली, घड्या घातल्या. अंधारायला लागलं तरी अंगणात काही सरकलं नाही. तिने रुमाल बांधला, पिशवी घेतली आणि दुकान बंद व्हायच्या आत कोलिव्यासाठी गहू आणायला निघाली.