इस्रायल आळीचं परराष्ट्र धोरण

आमच्या शनवारकाकांइतके धक्के देणारा माणूस सबंध कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी पेशानं शाळामास्तर, आणि स्वभावानं चटकन धक्का बसणारा, त्यामुळे त्यांचे निम्मे धक्के माझ्याच वाट्याला आले. मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांचं तेलाचं दुकान होतं. मागे घाणा, पुढे फळी, आणि फळीवर वर्तमानपत्र. शनिवारी घाणा बंद, दुकान बंद, चूलसुद्धा बंद. म्हणून त्यांच्या साऱ्या ज्ञातीला गाव शनवार तेली म्हणे आणि त्यांना शनवारकाका. ते यहुदी आहेत, हे मला नोकरीला लागल्यावर पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर मी त्यांना नुसतेच हट्टी समजत होतो. त्यांच्या ज्ञातीची घरं एका आळीत होती, तिला गाव पिढ्यान् पिढ्या इस्रायल आळी म्हणत आलं होतं, आणि आळीच्या टोकाच्या प्रार्थनेच्या जागेला सगळे, अगदी काकाही, मशीदच म्हणत.

या आळीच्या नावानं एकदा मोठाच गोंधळ केला. नवाबसाहेबांचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कुठलं राज्य कधी जाईल आणि कुठलं कधी येईल याचा कुणाला भरवसा उरला नव्हता. अशा दिवसांत एका सकाळी मी दुकानात मोठ्यानं बातमी वाचली, ‘इस्रायल स्वतंत्र’. दुपारपर्यंत गावभर झालं की इस्रायल आळी फुटून निघाली. आता शेतसारा कुणी घ्यायचा, हे विचारायला तलाठी धावत आला. काकांनी खुलासा करायचा की नाही? त्यांनी दाराला आंब्याचं तोरण लावलं आणि तलाठ्याला सांगितलं, इस्रायलात यायचं तर आधी बाहेरून हाक मारायची. तो बिचारा वहाणा काढून आळीच्या तोंडाशी उभा राहिला. मी संतापलो. सरकारी माणसाशी थट्टा करायची म्हणजे काय? काका म्हणाले, “मास्तर, एक दिवस तरी राज्य करू द्या. उद्या देतो परत.” दुसऱ्या दिवशी खरंच तोरण काढून त्यांनी तलाठ्याला चहा पाजला.

दुकानात तेल मापताना राजकारण बोलायची त्यांना खोड होती, किंवा राजकारण बोलताना तेल मापायची. विषय तापला की हात सुटायचा आणि माप भरून वाहायचं. गावातल्या बायकांनी हे बरोबर हेरलं होतं. बरणी पुढे करायची आणि भोळा चेहरा करून विचारायचं, “काका, त्या सुवेझच्या कालव्याचं काय झालं हो?” कालव्याचं भांडण पेटलं तेव्हा आमच्या गावात तेलाची चंगळ होती. काकू आतून म्हणायच्या की आमच्या घरात परराष्ट्र धोरण असतं, मीठ नसतं. काकांना ते ऐकू जात नसे. रोज त्याच फळीवर बसणारा त्यांचा जिवलग म्हणजे मुकादमचाचा, जुना खलाशी. तो इजिप्तच्या बाजूचा. कालव्यापायी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, मात्र बसणं टाकलं नाही. काका म्हणायचे, मास्तर, त्याला सांगा, कैरोचं चुकतंय. मुकादम म्हणायचा, मास्तर, याला सांगा, तपकिरीची डबी इकडे सरकव. एवढी शिकलीसवरलेली दोन माणसं अशी वागतात हे पाहून मी हादरलो होतो, पण डबी सरकवत होतो.

त्यांच्या या धोरणात होतं तरी काय? इस्रायल देश झाला याचा त्यांना विलक्षण अभिमान होता. दिल्लीनं त्याला मान्यता दिली त्या दिवशी त्यांनी दुकानात येईल त्याला गूळ-खोबरं वाटलं, आणि दिल्लीनं तिथे आपला वकील ठेवला नाही म्हणून त्याच संध्याकाळी दिल्लीला शिव्याही घातल्या. लग्नाला बोलावलं आणि पाट मांडला नाही, असं त्यांचं म्हणणं. पण याच देशात चला म्हणून मुंबईहून कुणी सांगायला आलं, की ते भडकत. “आमचं माहेर उभं राहिलं, फार चांगलं झालं. पण माहेर उभं राहिलं म्हणून नांदती बाई घर टाकून जाते का?” दुसरं कारण त्यांना त्याहूनही बिनतोड वाटे. त्यांचे पूर्वज म्हणे फार पूर्वी जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. ज्यांचं जहाज एकदा फुटलं त्यांनी पुन्हा जहाजात पाय ठेवायचा, ही कल्पनाच त्यांना वेडेपणाची वाटायची. स्वतः ते साध्या होडीतही बसत नसत. रेवदंडा खाडीपलीकडे दिसायचा, पण काका एसटीनं रोह्याला वळसा घालून तिथे जात. लग्न असेल तर लग्न लागून जेवणं उठल्यावर पोचत.

या सगळ्यामागे त्यांच्या पोटात एक काळजी होती, ती मला उशिरा कळली. मशिदीत प्रार्थना पुरती व्हायची तर दहा पुरुष लागतात. नऊ असले तर काही भाग म्हणताच येत नाही, मेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दिशही नाही. आणि आळी रिकामी होत चालली होती. आधी सुतार इस्रायलला गेला, मग कंपाउंडर गेला, मग कंपाउंडरच्या मागून त्याचे भाऊ. दर शनिवारी काका मशिदीच्या दारात उभे राहून रस्त्याकडे बघत. पोरं का जातात, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं: आळीत अंधार आहे म्हणून. साऱ्या गावात पंचायतीचे कंदील होते, इस्रायल आळीत एकही नव्हता. एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितलं की ते पंचायतीला उभे राहताहेत. दिल्ली इस्रायलला मान्यता देते आणि आपली पंचायत देत नाही, हा त्यांचा प्रचार. मला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हते करत. डोळ्यांत पाणी होतं आणि हातातलं माप भरून वाहत होतं.

विरुद्ध उभे होते नारळीच्या वाड्यांचे मालक. त्यांनी प्रचार असा काही केलाच नाही. एवढंच सांगत फिरले की ही मंडळी आज इथे, उद्या बोटीत. निघून जाणाऱ्याला कशाला निवडता? हे बरोबर वर्मी लागलं. काकांनी कोळीवाड्यात सभा लावली, आणि मी कळवळून सांगूनही सुरुवात सुवेझपासूनच केली. फ्रान्स झाला, इंग्लंड झालं, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखाली बसलेली माणसं पेंगू लागली. शेवटी पारूबाय उठली. मासळीचा लिलाव तिच्या तोंडावर चालायचा, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागला नाही.

“मामा, तुजा कालवा ऱ्हाऊं दे. आमचे बंदरान गाल भरलाय, तो कवा कारशील?”

काका थांबले. म्हणाले, एका कालव्यासाठी एवढे देश भांडले, तुमच्या गाळासाठी मी एकटा भांडेन. लोक हसले, पण पारूबाय बसली नाही.

“आनि तू बी उद्या बोटीन बसून गेलास तं? आमी कोनाचे तोंडाकरं बगाचा?”

तेव्हा शनवारकाकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “ज्या दिवशी मी या बंदरातून होडीत बसेन, त्या दिवशी तुमची मतं परत घ्या.” मी कपाळावर हात मारला. मत परत घ्यायची सोय कुठल्या कायद्यात आहे? पण कोळीवाड्याला कायदा नको होता, शब्द हवा होता. मुकादमचाचानं अबोला न सोडता मोहल्ल्यात घरोघर जाऊन सांगितलं की याचं इजिप्तबद्दलचं डोकं सडलंय, पण गाळाबद्दलचं चांगलं आहे. काका निवडून आले. निकाल कळल्यावर मुकादम दुकानात आला आणि अबोल्यानंतर पहिल्यांदा थेट काकांशी बोलला. म्हणाला, “सरक जरा.”

काकांनी गाळ काढायला लावला, पुरता नाही पण होड्या आत येण्यापुरता. इस्रायल आळीत कंदील लागायला मात्र फार वेळ गेला, कारण आपल्याच आळीचं काम आधी करायला ते लाजत होते. कंदील लागला तो नेमका शुक्रवारी सूर्य बुडताना. त्यांचा शनिवार तिथपासूनच सुरू होतो, काकांना विस्तवाला हात लावता येईना. ज्या दिव्यासाठी हा माणूस निवडणूक लढला तो दिवा मुकादमानं लावला, आणि काका हात मागे बांधून बघत राहिले. उजेड चांगला पडला. पण त्या उजेडात बाहेर यायला माणसंच थोडी उरली होती. पुढच्या सुटीत त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईहून आला आणि त्यानं सांगितलं की तोही निघालाय. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. याचा मला सर्वांत मोठा धक्का बसला.

त्यानंतर एका शनिवारी मशिदीच्या पायरीवर काका एकटेच बसलेले आम्हाला दिसले. आत आठजण होते, काकांना धरून नऊच. मुकादम त्यांच्याजवळ गेला. “मला धर ना दहावा,” तो म्हणाला, “टोपी माझे डोक्यावर हायच.” काका हसले, मग रडले. तू मोजणीत बसत नाहीस रे, ते म्हणाले, पण आत येऊन उभा राहा. तो उभा राहिला, मागे मीही राहिलो. काय म्हणतात ते आम्हाला कळत नव्हतं. जे म्हणता येत नव्हतं ते त्यांनी गाळलं, तेवढं मात्र कळलं.

आणि मग एक दिवस शनवारकाका जायला निघाले. सारं गाव अवाक झालं, मी तर चिडलोच. ज्यानं जन्मभर माहेर आणि सासर ऐकवलं त्यानं असं उठून जावं? मी तोंडावर विचारलं. ते घाणा झाकत होते. “मास्तर, इथे आता मी दहावा होऊ शकत नाही. मागे नऊच नाहीत. तिकडे कुठल्या तरी गावात नऊ जण कुणाची तरी वाट बघत खोळंबले असतील. तिथे जातो.”

मला वाटलं होतं, ते नेहमीप्रमाणे एसटीनं रोह्याला वळसा घालून मुंबई गाठतील. म्हणजे होडीचाही प्रश्न नाही आणि शब्दाचाही नाही. पण जायच्या सकाळी ते काकूंना घेऊन बंदरावर हजर. मुंबईची लाँच बाहेर पाण्यात उभी होती आणि तिच्यापर्यंत होडीनं जायचं होतं. मी म्हटलं, काका, एसटी आहे की. ते म्हणाले, “चोरून जायचं नाही. शब्द इथे दिला होता, इथेच मोडतो.” कोळीवाडा जमला होता. काकांनी होडीच्या काठाला धरून पाय उचलला, आत ठेवला, डोळे मिटून घेतले आणि तसेच उभ्यानं म्हणाले, “घ्या. तुमची मतं परत घ्या.”

मग पारूबाय गुडघाभर पाण्यात पुढे आली आणि तिनं त्यांच्या हातात सुक्या सोड्यांची पुरचुंडी ठेवली. कोलंबीचं कालवण त्यांच्या धर्मात चालत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि काकांनीही सांगितलं नाही.

“मता ठेव तुजेकरं,” ती म्हणाली. “परत येशील तवा लागतील.”

होडी निघाली. पुरचुंडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे हात हलवता आला नाही. मुकादमचाचा बंदरावर आलाच नव्हता. तो बंद दुकानाच्या फळीवर बसला होता, आपल्या नेहमीच्या जागी, शेजारची जागा मोकळी ठेवून.

आळीत आता दुसरी माणसं राहतात, पण तिला अजून इस्रायल आळीच म्हणतात. पुढे काही वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी आली की इस्रायलात लढाई पेटली. मी ती फळीवर बसून हळू आवाजात वाचली. मुकादमचाचा फार म्हातारा झाला होता आणि ऐकायलाही कमी येत होतं. तो काठी टेकत उठला आणि कुठेसा गेला. बऱ्याच वेळानं परत आला, घामाघूम होऊन, आणि माझ्या शेजारी बसला.

“जाऊन आलो,” तो म्हणाला. “इस्रायलात सगळं ठीक हाय. दिवा लागलाय.”

मास्तर असूनही मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.