एका कोडात सोयरीक नको

आमच्या मावसकाकांनी टेलिफोनच्या कोडवर जेवढे प्रेम केले, तेवढे खुद्द टेलिफोन खात्यानेही केले नसेल. नव्वदच्या दशकात त्यांनी दिंद्रुडच्या स्टँडसमोरच्या आपल्या खताच्या दुकानात काचेची खोली उभारून एसटीडी बूथ काढला आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी गावे संपली, कोड उरले. आल्यागेल्या पाहुण्याला ते गोत्र विचारावे तसे, "कोणत्या कोडातले?" म्हणून विचारत. अंघोळीच्या वेळी इतर लोक शंकराचे नाव घेत; काका मुंबई शून्य बावीस, पुणे शून्य दोन एक दोन, असे करत देशभर फिरून येत. पुढे खात्याने पुण्याचा कोड बदलून शून्य वीस केला, तेव्हा काकांनी दाढी केली नाही आणि दुपारचे जेवणही घेतले नाही.

काचेतून रोज माणसे बोलताना बघून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. एकाच कोडात फोन स्वस्त, म्हणून लोक भांडण होईपर्यंत बोलतात. "लांबचा फोन लावला अन् मीटर पळाया लागलं, की मानूस गोडच बोलतो बे," ते मला म्हणाले. तेव्हा मी हसलो. पण माजलगावचे स्थळ आले आणि माझे हसू गेले. मुलगा चांगला होता, घरचे कापडाचे दुकान होते, मावशीला लेक जवळ हवी होती आणि माझ्या मावसबहिणीच्याही तो मनात भरला होता. काकांनी नाही म्हणून कळवले. दिंद्रुड आणि माजलगावचा कोड एकच होता.

मग मुंबईचे स्थळ आले. काकांनी मुलाच्या वडिलांचे कार्ड हातात घेतले आणि शांतपणे म्हणाले, "यात शून्य बावीस कुठं हाय? हे शून्य दोन पाच एक. तुमी मुंबईचे न्हाई." बैठक गार पडली. "कल्यान म्हना की," काका म्हणाले, "चालतंय." बहीण लग्न होऊन कल्याणला गेली. तिचा संसार चांगला झाला, हे मात्र सांगायला हवे.

दर रविवारी काका स्वतःच्याच बूथमध्ये जाऊन दार लावून घेत. "बरी हायस ना? जावई बरे? ठेवतो." मावशी बाहेर पदर सावरत उभी राही, तोवर फोन संपलेला असे. भांडण कधीच झाले नाही. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ आतच बसून राहत. तसे बसलेले एकदा मी पाहिले आणि माजलगावच्या स्थळावरून धरलेला माझा राग तिथेच विरला.

पुढे मोबाइल आले. कोड गेले, मीटर गेले, काचेच्या खोलीत खताची पोती आली. गेल्या दिवाळीत मी तिथे असताना बहिणीचा फोन आला. काकांना ऐकू कमी येते म्हणून मावशीने तो स्पीकरवर टाकला. तीन वाक्ये झाली आणि काका गप्प झाले.

"बोला की, बाबा. आता पैसे पडत न्हाईत."

"काय बोलू, माय? सवयच न्हाई."

"मग कोड म्हना. सकाळी म्हनायचे तसे."

काकांनी घसा साफ केला. मुंबई शून्य बावीस. पलीकडून "हं" आले. पुण्याचा त्यांनी जुनाच सांगितला. तिने तोही मान्य केला. असे करत ते कल्याणपर्यंत आले आणि थांबले. तो कोड त्यांच्याने म्हणवेना. पलीकडूनही "हं" आले नाही. पण फोन कोणीच ठेवला नाही.