डिलिव्हरीला आलेल्या विहीणबाई

अमेरिकेच्या विमानतळावरचा गणवेशातला साहेब माझ्या विहीणबाईंच्या पोटाकडे टक लावून बघत होता, आणि पासष्ट वर्षांच्या विहीणबाई त्याला ठासून सांगत होत्या, "डिलिव्हरी! नाइन मंथ! सीरियस नाय, नॉर्मल!"

कशासाठी आलात, एवढंच त्यानं विचारलं होतं. डिलिव्हरी म्हटल्यावर त्याला वाटलं, बाई काहीतरी पोचवायला आली. काय आणलंय, असं विचारलं, तर या म्हणाल्या, "बेबी." साहेब खुर्चीतून उठलाच. आमच्या पिशव्या उघडल्या. डिंकाचे लाडू निघाले, अळीव निघाले, बाळ काही निघालं नाही.

इतक्या धिटाईनं चुकीचं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चितेगावच्या एका दवाखान्यात त्या आया होत्या, त्यामुळे त्यांचं सगळं इंग्रजी तिथलंच. पुंडलिकनगरात रिक्षातून उतरायचं असलं की म्हणायच्या, "भाऊ, इथंच डिस्चार्ज दे." गारखेड्याला आमच्या घरी चहात साखर कमी पडली की म्हणत, "ईनबाई, केस बिघडली." मुलगी दाखवायच्या दिवशी तर मला म्हणाल्या, "पोरगी एकदम नॉर्मल हाय."

मी विचारलं, "म्हणजे आधी नव्हती का?"

तोंडावर बोलायची माझी खोड जुनी. त्यांनी ते दहा वर्षं ऐकवलं.

पण त्या दिवशी विमानतळावर मला हसू येत नव्हतं. सुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप विमानात चढतानाच आला होता. लेकीजवळ पोचायचं, एवढंच विहीणबाईंना ठाऊक होतं, आणि हा माणूस सोडेना. शेवटी हिंदी येणारी एक बाई बोलावून आणली. तिच्यामार्फत साहेबानं विचारलं, "पती सोबत आहेत?"

विहीणबाईंनी तिला मधे बोलूच दिलं नाही. स्वतःच म्हणाल्या, "एक्स्पायर."

साहेबाला वाटलं, नवऱ्याचा पासपोर्ट संपला. तो समजुतीनं म्हणाला, "नो प्रॉब्लेम. रिन्यू." ती बाई आम्हाला म्हणाली, "कह रहे हैं, नया बनवा लो।"

विहीणबाई माझ्याकडं वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "ईनबाई, सायबाला इचारा ना, अर्ज कुठं करायचा? लाइनीत सगळ्यात म्होरं उभी ऱ्हाते."

त्या बाईनं साहेबाला खरं काय ते सांगितलं. तो लालबुंद झाला. शिक्का मारला आणि उभा राहून वाट दिली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा नात अर्ध्या तासाची होती. विहीणबाईंनी लेकीच्या कपाळावरून हात फिरवला आणि एकच शब्द विचारला, "नॉर्मल?" लेक हसली, रडलीही.

नात आता आठ वर्षांची आहे. फोनवर दर वेळी हीच गोष्ट मागते. मी सांगते, पण साहेबाचं नाक किती लांब होतं, यावर पूर्वीसारखं माझ्याशी भांडायला आता कोणी नाही. विहीणबाई मागच्या पावसाळ्यात वारल्या. चहात साखर कमी पडते. मी तसाच पिते.

त्या साहेबापुढं आम्ही दोघी उभ्या होतो. त्यातली आता मी एकटीच आहे.